व्हॅक्यूम ड्रायर घेताना: सातशेचा काटा आणि पाचगणीची हवा

स्ट्रॉबेरीची पावडर करायची असं आमच्या घरात ठरलं, त्याला कारण फेब्रुवारी-मार्च. या दिवसांत पाचगणी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात माल एकदम येतो, ताज्या फळाचा भाव बसतो आणि उरलेलं सगळं क्रश-जॅमवाल्यांच्या दारात उभं राहतं. आम्हीही त्या जॅमवाल्यांतलेच. पण क्रशच्या बाटल्या ठेवायला जागा लागते, वाहतुकीत निम्मं पाणीच फिरतं, आणि आइस्क्रीमवाले, मिठाईवाले सारखे विचारत होते, "पावडर आहे का? रंग न टाकलेली?"

गरम हवेचा ट्रे ड्रायर आमच्याकडे आधीपासून आहे. आवळा, आलं त्यात छान वाळतं. स्ट्रॉबेरी ६०-६५ अंशांवर वाळवली की विटकरी होते आणि वास थेट जॅमचा येतो. फळाचा लाल रंग उष्णतेनं तर मोडतोच, वर गरम हवेतला ऑक्सिजन त्याला आणखी खातो. त्यामुळे हवाच काढून टाका आणि पाणी कमी तापमानाला उकळू द्या, म्हणजे व्हॅक्यूम ड्रायर घ्या, एवढं उत्तर लगेच मिळालं. कुठला घ्यायचा, हे ठरवताना मात्र डोक्याचं दही झालं. ते सगळं इथे लिहून ठेवते, कारण विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत यातलं फारसं काही सापडत नाही.

आधी जे घेतलं नाही ते सांगते. फ्रीझ ड्रायरचा माल देखणा असतो. परदेशी सीरियलच्या पाकिटातल्या कुरकुरीत लाल चकत्या त्यातल्याच. पण त्यात फळ आधी घट्ट गोठवायचं, मग दाब एक मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली नेऊन बर्फाची थेट वाफ करायची, आणि ती वाफ उणे ४०-५० अंशांच्या कॉइलवर पकडायची. एवढं शीतकरण एकेका लॉटला दिवसभराहून जास्त चालवायचं आणि आमच्याकडची वीज मध्येच जाणार. पावडरच करायची असेल तर चकतीच्या देखणेपणाचे पैसे कशाला मोजा? गरम हवेत रसाचा फवारा मारणाऱ्या स्प्रे ड्रायरमध्ये फळातली साखर भिंतीला चिकटते, म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) भरपूर घालावं लागतं. मग ती स्ट्रॉबेरीची पावडर कमी आणि स्टार्चची जास्त. एका दलालानं औषध कारखान्यातला जुना व्हॅक्यूम ड्रायर निम्म्या किमतीत देऊ केला होता. त्यात आधी काय वाळवलं होतं, हे त्याला सांगता येईना. तो विषय तिथेच संपला.

राहिला व्हॅक्यूम ट्रे ड्रायर. कोटेशनं मागवली की प्रत्येक जण ट्रेच्या आकड्यात बोलतो: २४ ट्रे, ४८ ट्रे, ९६ ट्रे. बँकेचा अधिकारीही तेवढंच पाहतो, किंमत भागिले ट्रे. आम्ही प्रश्न उलटा केला: तासाला किती किलो पाणी काढणार?

स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असतं. शंभर किलो फोडी भरल्या तर पावडरच्या लायक होईपर्यंत जवळपास ९० किलो पाणी बाहेर काढावं लागतं. व्हॅक्यूममध्ये पाणी कमी तापमानाला उकळतं हे खरं, पण त्याची वाफ करायला लागणारी उष्णता काही कमी होत नाही. किलोला साधारण ०.६७ युनिट वीज लागतेच. एका कोटेशनमध्ये ४८ ट्रे, शंभर किलोचा लॉट, वेळ सहा तास आणि हीटर सहा किलोवॅटचा, असं छापलेलं होतं. सहा भागिले ०.६७ केलं की नऊ येतात. म्हणजे सगळी उष्णता फळालाच मिळाली, लोखंडाला आणि भिंतींना काहीच गेली नाही, तरी तासाला नऊ किलोच्या वर पाणी उडणार नाही. नव्वद किलोला दहा तास, तेही कागदावर. फोनवर हे विचारलं तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, आमची टेक्नॉलॉजी वेगळी आहे." टेक्नॉलॉजी वेगळी असेल, पाणी तेच आहे.

दुसरा घोळ काट्याचा, आणि डोंगरावर राहणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. बहुतेक सगळे "७०० मिमी व्हॅक्यूमची हमी" देतात (मिमी म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर, दाबाचं माप). तो आकडा साध्या डायल गेजचा असतो. गेज फक्त एवढंच सांगतं, की बाहेरच्या हवेपेक्षा आत दाब किती कमी आहे. समुद्रकाठी बाहेरचा दाब ७६० मिमी असतो, त्यातून ७०० गेले की आत ६० उरतात. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर. इथे हवेचाच दाब ६५० मिमीच्या आसपास आहे. उघड्या पातेल्यातलं पाणी ९६ अंशांपाशीच उकळतं. मग काटा ७०० वर जाणार कुठून? जगातला कुठलाही पंप लावला तरी जाणार नाही.

यातून दोन भांडणं उभी राहू शकतात. मशीन इथे बसवल्यावर काटा ६०० वर थांबला तर आपण म्हणणार हमी पाळली नाही, आणि प्रत्यक्षात मशीन उत्तम चालत असणार, कारण आत ५० मिमीच उरलेत आणि पाणी ३८ अंशांना उकळतंय. उलट, विक्रेत्यानं वसईच्या शेडमध्ये काटा ६०० वर दाखवून "बघा, तुमच्याकडे एवढाच येईल" म्हटलं तर तिथे आत १६० मिमी असतात आणि फळ ६१ अंशांवर शिजत असतं. काटा तोच, फळाचं नशीब वेगळं. म्हणून आम्ही ऑर्डरमध्ये गेजचा आकडाच ठेवला नाही. ॲब्सोल्यूट दाब, म्हणजे आत प्रत्यक्षात उरलेला दाब, लिहिला, तो दाखवणारं डिजिटल गेज मशीनसोबत मागितलं, आणि हमी आमच्या शेडमध्ये, आमच्या उंचीवर, असं शब्दांत घातलं. मोटारींचंही तसंच. साध्या मोटारी १,००० मीटर उंचीपर्यंतच्या वापरासाठी ठरवलेल्या असतात. त्याच्या वर विरळ हवा त्यांना कमी थंड करते. ऑर्डर देताना उंची सांगितली तर त्याप्रमाणे मोटार देतात.

पंपाबद्दल आमच्या दिरांचं आणि माझं मत वेगळं होतं. त्यांना तेलाचा रोटरी पंप हवा होता, कारण तो जास्त खोल व्हॅक्यूम ओढतो. पण फळातून येते ती नुसती हवा नसते, पाण्याची वाफ असते. ती पंपात गेली की तेल ताकासारखं पांढरं होतं आणि पंप ओढायचं सोडतो. शेवटी साताऱ्याच्या पंप दुरुस्तीवाल्यानंच निकाल दिला: "वहिनी, तेलवाला घ्या म्हणजे माझं पोट चालेल." आम्ही वॉटर रिंग पंप घेतला, म्हणजे तेलाऐवजी पाण्यावर चालणारा. त्याची मर्यादा त्याच्या पाण्यातच असते. पाणी ३० अंशांचं असेल तर त्याचीच वाफ ३२ मिमीपर्यंत दाब धरून बसते, त्याखाली तो जाऊच शकत नाही. पण आम्हाला हवेत ५०-५५, आणि हंगामात इथलं टाकीतलं पाणी मुंबईपेक्षा चांगलंच गार असतं. थंडीचा एवढा फायदा आम्हाला पहिल्यांदाच झाला.

पंपापेक्षा महत्त्वाचा निघाला कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करून तिचं पाणी करणारा भाग. एक किलो पाण्याची वाफ ४० अंशांना साडेएकोणीस घनमीटर जागा व्यापते. तासाला दहा किलो पाणी म्हणजे जवळपास दोनशे घनमीटर वाफ. कोटेशनमधला पंप तासाला ६० घनमीटरचा. ती वाफ पंपाकडे जाण्याआधीच कंडेन्सरमध्ये पाणी होऊन खाली बसली नाही, तर दाब चढत राहणार आणि फळ गरम होत राहणार. कंडेन्सर किती मोठा, त्यात कुठल्या तापमानाचं किती पाणी फिरणार, हे लेखी द्या म्हटल्यावर दोन विक्रेत्यांनी परत फोनच केला नाही. निवड सोपी झाली.

मग चाचणी. संध्याकाळी तोडलेली फळं रात्रीच्या गाडीनं वसईला नेली. गोठवलेली नेणं सोयीचं पडलं असतं, पण गोठवून वितळलेलं फळ रस सोडतं आणि मऊ पडतं, त्यावरून ताज्याचा अंदाज बांधता येत नाही. सहा मिलिमीटरच्या चकत्या, प्रत्येक ट्रेवर दोन किलो. ऑपरेटरनं सवयीनं व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि काचेतून दिसलं, की चकत्या फसफसून ट्रेच्या काठावर गुलाबी फेस आलाय. रस एकदम उकळला होता. नंतर टप्प्याटप्प्यानं ओढलं तेव्हा फेस थांबला. त्यासाठी हवा थोडी थोडी आत सोडणारा छोटा व्हॉल्व्ह आम्ही ऑर्डरमध्ये वाढवून घेतला.

दार उघडल्यावर बहुतेक ट्रे एकसारखे वाळलेले. एकाच्या मात्र चारही कोपऱ्यांतल्या चकत्या काचेसारख्या कडक आणि मधल्या चामट. ट्रे रिकामा करून सपाट फरशीवर ठेवला, तर बूड मध्येच वर उचललेलं होतं, फट जेमतेम दोन मिलिमीटर. गरम हवेच्या ड्रायरमध्ये अशी फट कोणी मोजत नाही, कारण पंख्याची हवा सगळीकडून फिरते. इथे हवाच नाही. उष्णता शेल्फच्या पत्र्यातून ट्रेच्या बुडाला आणि बुडातून फळाला, हाच मुख्य रस्ता. तेव्हापासून जाड बुडाचे ट्रे आणि प्रत्येक ट्रेची सपाटी तपासून घेणं, हे कलम आलं. विक्रेत्याला ते किरकोळ वाटलं. मला तरी कंट्रोल पॅनलच्या टचस्क्रीनपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

चाचणीत आणखी एक गोष्ट कळली, आणि हीटर पट्ट्यांची स्वस्त मशीनं बाद झाली ती तिच्यामुळेच. वाळलेली स्ट्रॉबेरी गरम असताना टॉफीसारखी मऊ आणि चिकट असते. ती तशीच बाहेर काढली तर ग्राइंडरमध्ये गोळा होतो. व्हॅक्यूम तसाच ठेवून आधी थंड केली तर चकती कट्कन मोडते. पोकळ शेल्फमधून गरम पाणी फिरवणाऱ्या मशीनमध्ये शेवटी तोच प्रवाह गार पाण्याचा करता येतो. विजेच्या पट्ट्यांना थंड करता येत नाही, फक्त वाट बघता येते.

गळतीची चाचणी कोरड्या, रिकाम्या चेंबरवर घ्यावी. व्हॅक्यूम ओढायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा, पंप बंद करायचा आणि चहा प्यायला जायचं. तासाभरात दाब १० मिमीपेक्षा जास्त चढायला नको, असं आम्ही लिहून घेतलं होतं. आतून ओलं राहिलेलं चेंबर या चाचणीत नापास होतं, मग विक्रेता म्हणतो पाण्यामुळे आणि आपण म्हणतो गॅस्केटमुळे (दाराच्या रबरी पट्टीमुळे). तो वाद कोरड्या फडक्यानं आधीच मिटवावा. फळाला लागणारा सगळा भाग एसएस ३१६ या जातीच्या स्टेनलेस स्टीलचा घेतला, कारण पुढे कोकमही यातच जाणार आहे. कोकमाची आंबटाई आणि मीठ मिळून ३०४ या नेहमीच्या जातीला डाग पाडतात.

पैशांचं थोडक्यात: छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, पण ते बँक कर्जाला जोडलेलं असतं. कूलिंग टॉवर, वाढीव वीजभार, जनरेटर आणि पाया हे कोटेशनमध्ये नसतं. प्रकल्प अहवालात ते पहिल्याच दिवशी घाला, नंतर बँक ऐकत नाही.

आणि पॅकिंगची खोलीही त्याच अहवालात धरा. आमच्याकडे जुलैत भिंतीला पाणी सुटतं. या पावडरीचं पाकीट तिथे उघडं ठेवलं तर काही मिनिटांत तिचा खडा होतो. डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) लावलेली छोटी बंद खोली, तीन थरांची ॲल्युमिनियमची पाकिटं आणि लगेच सील, एवढं नसेल तर ड्रायर कितीही चांगला असो, पावसाळ्यात तक्रारीचे फोन येतात. पावसाळ्यात आम्ही वाळवलेल्या चकत्या चकत्या म्हणूनच डब्यात ठेवतो आणि ऑर्डर येईल तशा दळतो. चकतीला हवा लागायला पावडरीपेक्षा जास्त वेळ लागतो.