चिरूट वळला कुणी?

गेल्या आठवड्यात निपाणीला मावशीकडं गेलतो (हो, आमच्या भागात बायकापण गेलतो-आलतोच म्हणतात, पुणेकरांनी हसू नये). दुपारी सोप्यात चौघीजणी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या, म्हणाल्या काहीतरी वाच की. फोनमध्ये बंगाली लेखिका रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही गोष्ट होती, १९०५ ची, मूळ इंग्रजी, मद्रासच्या एका बायकांच्या मासिकात आलेली, तीच जमेल तसं मराठी करत सांगत सुटलो.

लेडीलँड नावाचा देश, तिथं पुरुष जनान्यासारखे मर्दान्यात कोंडलेले आणि राज्य बायकांचं. ढगातनं पाणी ओढून घ्यायचं, शत्रूला उन्हाच्या झोतानं पळवून लावायचं. मला वाटलं उडत्या गाडीवर सगळ्या खूश होतील, छे! स्वयंपाक उन्हावर होतो, धूर नाही, चिमणी नाही म्हटल्यावर मात्र एकीनं "परत वाच" म्हटलं.

मग सुलतानाला तो देश फिरवून दाखवणारी सिस्टर सारा हिशोब मांडते. एक चिरूट संपायला अर्धा तास, पुरुष दिवसाला बारा ओढतो, म्हणजे ऑफिसातले सहा तास धुरात गेले. मला हसू आवरेना, खरं या कुणी हसल्या नाहीत. मावशी पान कातरायचं थांबून म्हणाली, "व्हय, आन् त्यो चिरूट वळला कुणी?"

आता काय सांगणार! रोकेया डेप्युटी मॅजिस्ट्रेटच्या बायको, नवरा दौऱ्यावर असताना वेळ जावा म्हणून लिहिलेली गोष्ट. नवऱ्यानं परत आल्यावर उभ्याउभ्याच वाचून काढली आणि म्हणाले, भयंकर सूड! २०२४ ला युनेस्कोनंपण ही गोष्ट 'मेमरी ऑफ द वर्ल्ड'च्या, म्हणजे जपून ठेवायच्या दस्तऐवजांच्या, आशिया-पॅसिफिक यादीत घेतली. सगळं खरं, मलापण गोष्ट फार आवडते, खरं चिरूट वळणारीचा हात त्यात कुठंच नाही, आणि इतक्या वेळा वाचूनपण ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

काकापण दारात उभ्यानंच ऐकत होते. "मग नांगर कोण धरणार?" म्हटलं, तिथं शेती विजेवर चालते. "थ्री फेज रात्री दोनला येती इथं, तवा बाया जाणार काय रानात?"

"गेल्या म्हैन्यात कोण गेलतं?" मावशी. काका चप्पल घालून बाहेर.

संध्याकाळी मोजल्या तर मावशीच्या हजाराला दीडशे कमी, दोष अर्थातच माझ्या वाचनाला. आता वाचायचं झालं तर सुट्टीच्या दिवशी ये म्हणाली.