शेवटची मांजरी राहिली तर काम राहिले

मोकाट मांजरांच्या नसबंदीसाठी पिंजरे आणण्याआधी आम्ही मांजरे मोजली. इमारतींमागच्या मोकळ्या जागेत त्यांना खाणे घालणारी माणसे अनेक होती आणि प्रत्येकाचा अंदाज निराळा होता. म्हणून एकाच जागी, ठरल्या वेळी खाणे ठेवून प्रत्येक मांजराचा फोटो, रंग, खुणा आणि मांजरी की बोका, अशी यादी केली. हे काम कंटाळवाणे खरे, पण ते टाळून चालत नाही. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो, पिले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा माजावर येऊ शकते आणि ती पिलेही चार ते सहा महिन्यांत वयात येतात. त्यामुळे थोड्या काळात बहुतेक सगळ्या मांजरींची नसबंदी झाली नाही, तर राहिलेल्या दोन-तीन जणी सारी मेहनत पाण्यात घालवतात.

काही रहिवाशांना मांजरे दूर नेऊन सोडावीत असे वाटत होते. रात्रीची भांडणे आणि जिन्यातला उग्र वास यांचा त्यांना होणारा त्रास खराच होता. मात्र हे दोन्ही प्रकार मुख्यतः खच्ची न केलेल्या बोक्यांमुळे होतात आणि जिथे अन्न व आडोसा आहे तिथे रिकामी झालेली जागा दुसरी मांजरे धरतात, हे मी त्यांना समजावून सांगितले. इटलीने तर १९९१ च्या कायद्यातच मोकाट मांजरांची नसबंदी करून त्यांना पुन्हा त्यांच्या गटात सोडण्याची तरतूद केली आहे, हे ऐकल्यावर विरोध बराच निवळला.

पकडण्याच्या आदल्या संध्याकाळपासून खाणे बंद ठेवावे लागते. भुकेले मांजर पिंजऱ्यात शिरते आणि रिकाम्या पोटी भूल देणेही सुरक्षित असते. पण एका जरी माणसाने दयेपोटी गुपचूप वाटी ठेवली तरी पिंजरा रिकामा राहतो, म्हणून सगळ्यांना विश्वासात घेणे फार महत्त्वाचे. दार पडताच मांजर जाळीवर धडका देऊ लागते, आणि जाड चादर पिंजऱ्यावर टाकली की अंधारात बहुधा लगेच शांत होते.

एकीला पकडल्यावर चादरीची कड उचलून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर तिचे सड गुलाबी, फुगलेले आणि भोवतीचे केस झिजलेले दिसले. पिले कुठेतरी वाट पाहत होती. डॉक्टरांनी तिची शस्त्रक्रिया सर्वांत आधी केली आणि ती पूर्ण शुद्धीवर आल्यावर त्याच संध्याकाळी तिला सोडले. तिच्या मागावर राहून पिले सापडली. दोन ते सात आठवड्यांच्या वयात पिले माणसाला सहज सरावतात, त्यामुळे ती अंगावरून सुटताच त्यांना घरे मिळाली.

भुलीखाली असतानाच प्रत्येकाच्या डाव्या कानाचे टोक साधारण एक सेंटीमीटर सरळ कापतात. काहींना हे क्रूर वाटले. मला ती दया वाटते, कारण ही खूण दुरून दिसते आणि त्या मांजराला पुन्हा पकडण्याची, पुन्हा भूल देण्याची वेळ येत नाही. त्याच वेळी रेबीजची लस दिली जाते आणि टाके विरघळणारे असतात. नंतर उबदार, कोरड्या खोलीत बोक्यांना एक रात्र, मांजरींना थोडे अधिक ठेवून, पकडले त्याच जागी सोडायचे.

सर्वांत कठीण गेली ती एक करडी मांजरी. पिंजरा दिसला की ती मागे फिरे. शेवटी तिच्यासाठी वरून पडणारा सापळा वापरला : काठीच्या आधारावर तिरकी उभी केलेली जाळीची चौकट आणि काठीला बांधलेली लांब दोरी. कान कापलेली मांजरे चौकटीखाली निर्धास्त खात होती. त्यांना पाहून तीही आली, पण आम्ही घाई केली नाही. मान खाली घालून ती खाण्यात पुरती गुंतल्यावर आणि इतर मांजरे बाजूला झाल्यावरच दोरी ओढली.

कुणीतरी आणून सोडलेली नवी मांजरे अजूनही येतात. अखंड कानाचे मांजर दिसले की खाणे घालणारे त्याच दिवशी कळवतात आणि आम्ही पिंजरा लावतो.