पाणी गेलं कुठे, ते दाखवायचं असतं

पाणीटंचाईचे आणि ओसाड पडत चाललेल्या जमिनीचे फोटो काढते म्हटलं, की हमखास विचारलं जातं: तुमच्या फोटोंत भेगाळलेली जमीन इतकी कमी कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भेगांवरून काहीच सिद्ध होत नाही. चिकणमाती वाळली की तडकतेच, भरपूर पाऊस झालेल्या वर्षीसुद्धा. १९३६ साली आर्थर रॉथस्टीन अमेरिकी सरकारसाठी दुष्काळाचे फोटो काढत होता. साउथ डकोटातल्या तडकलेल्या जमिनीवर त्याला बैलाची कवटी दिसली. ती थोडी इकडेतिकडे हलवून त्याने निरनिराळे फोटो घेतले. ते वर्ष निवडणुकीचं होतं. सरकारविरोधी वर्तमानपत्रांनी कवटी हलवल्याचंच नेमकं पकडलं. दुष्काळ खरा होता, पण गाजली ती कवटी.

वाळवंट माणसाने केलं असेल, तर माणसाचा हात फोटोत यायला हवा. मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १९७७ चा एक साधा फोटो. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात विजेच्या खांबाशेजारी जोसेफ पोलंड हे भूजलशास्त्रज्ञ उभे आहेत. खांबावर वर्षांच्या पाट्या आहेत: पायाशी १९७७, बरीच वर १९५५ आणि पार वर १९२५. जमीन त्या त्या साली तिथवर होती. शेतीसाठी भूजल उपसत गेले आणि जमीन सुमारे नऊ मीटर खचली. ना भेगा, ना कवटी, ना रडवेला चेहरा. तरीही उपशाचा सगळा हिशेब त्यात आहे.

मध्य आशियातल्या अरल समुद्राचंही तसंच. मोयनाक या त्याच्या जुन्या बंदराच्या वाळूत रुतलेली गंजकी जहाजं सगळ्यांनी पाहिली आहेत. पण एकट्या जहाजाकडे बघून वाटतं, समुद्र आपोआप आटला असावा. १९६० च्या दशकापासून कापसासाठी त्याला मिळणाऱ्या आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं गेलं. म्हणून जहाजाशेजारी कालवा लावा, कालव्याशेजारी कापसाचं शेत. मग कुणाला समजावत बसावं लागत नाही.

माणसांबद्दल मी फार हट्टी आहे. रिकामा हंडा घेतलेल्या बाईचा चेहरा टिपणं सोपं. पण ज्याच्या पंपाने तिची विहीर आटवली, तो चौकटीबाहेरच राहतो. दोघांचे फोटो मिळेपर्यंत मी तिचा एकटीचा छापायला देत नाही.

फोटोखाली तारीख, ठिकाण आणि कॅमेऱ्याची दिशा मात्र लिहाच. दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला त्याच जागी उभं राहता आलं पाहिजे, मग तिथे काहीही दिसो. २००५ साली अरलच्या उत्तर भागातलं पाणी अडवणारं कोकअरल धरण झालं आणि तिथली पातळी काही महिन्यांतच चढली, पुढे मासेही परतले. आटण्याचे फोटो ज्यांनी काढले, त्यांनी हेही काढायला हवेत.