म्हातारा कुत्रा कुंथू लागला, तर आधी प्रोस्टेट तपासून घ्यावी

आमच्या बंड्या या कुत्र्याचे वय झाले आहे आणि त्याच्या प्रोस्टेटचे (मूत्राशयाच्या तोंडाशी मूत्रमार्गाभोवती असलेल्या नराच्या ग्रंथीचे) दुखणे पहिल्यांदा लक्षात आले ते लघवीवरून नव्हे, तर शौचावरून. शी करायला तो नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ बसून राही, कुंथे, दोन पावले पुढे सरकून पुन्हा बसे, आणि एवढे करून जे बाहेर पडे ते मऊ पण फितीसारखे चपटे असे. हा फरक बारकाईने पाहण्याजोगा आहे. बद्धकोष्ठ असेल तर शी कोरडी आणि कडक होते. इथे ती मऊ असूनही तिला बाहेर पडायला वाट अपुरी पडते. कुंथणारा म्हातारा कुत्रा पाहिला की घरोघरी पोट साफ करण्याचे उपाय सुरू होतात, परंतु नर कुत्र्याच्या बाबतीत, आणि विशेषतः त्याची नसबंदी (म्हणजे इथे वृषणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) झालेली नसेल तर, संशय आधी प्रोस्टेटवर घ्यावा असे माझे ठाम मत झाले आहे.

याचे कारण शरीररचनेत आहे. पुरुषाची प्रोस्टेट वाढली की ती आतून जाणाऱ्या मूत्रमार्गाला आवळते, त्यामुळे लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे अशा तक्रारी आधी येतात. कुत्र्याची प्रोस्टेट मात्र प्रामुख्याने बाहेरच्या दिशेने वाढते आणि तिच्या वरच्या अंगाला असलेल्या गुदाशयाला दाबते. म्हणून कुत्र्यात शौचाची तक्रार पुढे आणि लघवीची मागे, असा उलटा क्रम पुष्कळदा दिसतो. माणसांच्या आजारावरून आडाखे बांधणारा मालक नेमका इथे फसतो, कारण लघवी बरी होते आहे म्हणून तो निर्धास्त राहतो.

दुसरी खूण रक्ताची. लघवीशी काही संबंध नसताना शिश्नाच्या टोकाशी रक्ताचा थेंब येतो. बंड्या झोपून उठला की त्याच्या चादरीवर, बरोबर पोटाखालच्या जागी, नाण्याएवढा फिकट लाल डाग दिसू लागला होता. लघवी करताना रक्त येते की एरवीही ठिबकते, आणि लघवीत येत असेल तर ते सुरुवातीला, शेवटी की संपूर्ण धारेत, हे डॉक्टर हमखास विचारतात. ते आधीच पाहून ठेवले तर पुढची दिशा लवकर ठरते. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक पंचाईत अशी की पाठीमागचे सांधे दुखत असल्याने तो लघवीसाठीही पाय वर करत नाही, नुसता वाकून उभा राहतो किंवा बसतो; त्यामुळे तो कशासाठी जोर लावतो आहे हे लांबून कळत नाही, जवळ जाऊन बाहेर काय पडते तेच पाहावे लागते.

ही वाढ साधी असेल तर तिच्यामागे पुरुषी हार्मोन असते. वृषणांत तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचे प्रोस्टेटमध्ये डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर होते आणि त्याच्या प्रभावाने ग्रंथी वर्षानुवर्षे फुगत जाते. नसबंदी न झालेल्या नरांमध्ये पाच-सहा वर्षांनंतर ही वाढ सर्रास आढळते आणि नऊ-दहा वर्षांपर्यंत बहुतेक सगळ्यांमध्ये कमीअधिक प्रमाणात असतेच. नुसती वाढ सापडली आणि त्रास काहीच नसेल, तर लक्ष ठेवण्यापलीकडे लगेच काही करावे लागतेच असे नाही.

तपासणीत सर्वांत बोलकी गोष्ट सर्वांत साधी आहे. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोट घालतात आणि दुसऱ्या हाताने पोट खालून वर उचलून धरतात, कारण वाढलेली ग्रंथी ओटीपोटातून पुढे घसरलेली असते आणि एरवी बोटाला लागत नाही. दोन्ही बाजू सारख्या, पृष्ठभाग गुळगुळीत आणि दाबल्यावर कुत्रा कळवळत नाही, असे असेल तर साध्या वाढीची शक्यता अधिक. हात लावताच तो दुखून ओरडला तर जंतुसंसर्ग, आणि एक बाजू वेडीवाकडी, खडबडीत व टणक लागली तर गाठीची शंका. त्यानंतर सोनोग्राफी होते. तिच्यात ग्रंथीचे आकारमान, आतल्या पाण्याच्या पिशव्या, पू साठलेली जागा किंवा कॅल्शियमचे ठिपके दिसतात. पुरुषांच्या प्रोस्टेटसाठीची पीएसए ही रक्तचाचणी कुत्र्यांमध्ये उपयोगाची नाही, तेव्हा तिचा आग्रह धरू नये. लघवीचा नमुना घरून न्यायचा असेल तर लांब दांड्याची स्वच्छ पळी सर्वांत सोयीची पडते. कुत्रा बिचकत नाही आणि आपणही वाकत नाही. कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीसाठी, मात्र असा नमुना चालत नाही, त्यासाठी डॉक्टर बहुधा सुईने थेट मूत्राशयातून लघवी काढतात.

साध्या वाढीवर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे नसबंदी. हार्मोनचा पुरवठा थांबला की ग्रंथी आक्रसू लागते, आणि काही आठवड्यांत तिचा आकार निम्म्याच्या आसपास येतो. या वयात भूल सोसेल का, ही धास्ती रास्त आहे. परंतु केवळ वयावरून नकार देण्याऐवजी हृदय, मूत्रपिंडे आणि यकृत यांच्या तपासण्या करून निर्णय घेणे मला अधिक योग्य वाटते. बंड्याच्या बाबतीत आम्ही तेच केले आणि पुढे त्याची शी पूर्ववत आकाराची होऊ लागली. ज्यांना भूल देणे खरोखरच धोक्याचे आहे त्यांच्यासाठी औषधे आहेत. फिनास्टेराइडची गोळी रोज द्यावी लागते आणि थांबवली की ग्रंथी पुन्हा वाढते. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या गोळीचे तुकडे वा भुकटी हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर त्याचा परिणाम होऊ शकतो. ओसॅटेरोन ही दुसरी गोळी आठवडाभर दिली की तिचा परिणाम काही महिने टिकतो. टेस्टोस्टेरॉन कमी करणाऱ्या डेस्लोरेलिन या औषधाचे कातडीखाली बसवण्याचे इम्प्लांटही मिळते, मात्र ते बसवल्यावर सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन काही काळ उलट वाढते, त्यामुळे ज्याची लघवी किंवा शौच आधीच अडू लागले आहे त्याच्यासाठी हा पर्याय डॉक्टरांशी नीट बोलूनच निवडावा.

वाढलेल्या ग्रंथीत जंतुसंसर्ग सहज घर करतो. तो अचानक उद्भवला तर ताप येतो, खाणे सुटते, पाठ कमानीसारखी वर येते आणि मागचे पाय ताठ टाकत कुत्रा चालतो. जुनाट असला तर पुष्कळदा एकच लक्षण दिसते, ते म्हणजे लघवीचा संसर्ग औषधाने बरा होऊन पुन्हा पुन्हा उलटणे. नर कुत्र्याला लघवीचा संसर्ग मादीइतका सहजी होत नाही, म्हणून नसबंदी न झालेल्या नराला तो झाला की मूळ प्रोस्टेटमध्ये आहे असे धरूनच शोध घ्यावा. जुनाट संसर्गात प्रोस्टेटच्या ऊतींमध्ये अनेक अँटिबायोटिक्स पुरेशी उतरत नाहीत, त्यामुळे जी उतरतात त्यांपैकी एक कल्चरच्या अहवालानुसार निवडून चार ते सहा आठवडे द्यावे लागते. पाचव्या दिवशी कुत्रा खेळू लागला म्हणून गोळ्या बंद करणे म्हणजे दुखणे पोसणे होय.

ज्या कुत्र्याची नसबंदी पूर्वीच झालेली आहे त्याची गोष्ट निराळी, आणि इथे मालकांची मोठी गैरसमजूत असते. नसबंदीमुळे साधी वाढ टळते, कर्करोग टळत नाही. अशा कुत्र्याची प्रोस्टेट लहान आणि आक्रसलेलीच असायला हवी. म्हातारपणी ती मोठी सापडली, आणि त्यातही कॅल्शियमचे ठिपके दिसले, तर अन्य काही सिद्ध होईपर्यंत कर्करोग समजूनच तपास करावा लागतो. लघवीतल्या पेशींवर बीरॅफ नावाच्या जनुकातील बदलाची चाचणी करता येते. ती सकारात्मक आली तर निदानाला मोठे बळ मिळते, नकारात्मक आली म्हणून मात्र कर्करोग नाही असे म्हणता येत नाही. हा रोग कमरेच्या मणक्यांत पसरू शकतो, त्यामुळे मागच्या पायांतली अशक्तता दर वेळी सांधेदुखीची नसते. उपचार बहुधा वेदना कमी करून चांगले दिवस वाढवण्यापुरते असतात, आणि त्यात मेलॉक्सिकॅम किंवा पायरॉक्सिकॅमसारख्या गोळ्यांचा वाटा मोठा असतो. माणसांसाठीच्या आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मात्र घरच्या घरी कधीही देऊ नयेत.

लघवीच्या सगळ्याच तक्रारी प्रोस्टेटच्या नसतात. झोपेत नकळत गळणे, वारंवार थोडी थोडी होणे आणि भरपूर होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपूर होत असेल तर दिवसभरात कुत्रा किती पाणी पितो ते मोजावे. वजनाच्या दर किलोमागे 100 मिलिलिटरपेक्षा अधिक होत असेल तर मूत्रपिंडे, मधुमेह किंवा कुशिंगचा आजार (शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन प्रमाणाबाहेर होणे) यांच्याकडे वळावे लागते. पाणी तोडणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दीर्घकाळ कुंथण्याने गुदद्वाराच्या शेजारी हर्नियाचा फुगवटाही येऊ शकतो, आणि त्यात कधी मूत्राशयच सरकून लघवी बंद होते. म्हणून शेपटीखालच्या एका बाजूची सूज किरकोळ मानू नये.

नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असते आणि मूत्रमार्ग त्याच्या खाचेतून जातो. तिथे तो फारसा ताणला जात नाही, त्यामुळे मूत्राशयातून निसटलेला खडा बहुधा त्या हाडाच्या मागेच अडकतो. कुत्रा सारखा लघवीच्या पवित्र्यात उभा राहतो, एखाद-दुसरा थेंब पडतो किंवा तोही नाही, पोट हात लावू देत नाही आणि काही तासांनी उलट्या सुरू होतात. अडथळा खड्याचा असो की प्रोस्टेटचा, लघवी पूर्ण तुंबली की रक्तातले पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडते, म्हणून सकाळपर्यंत वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा. कॅथेटर (बारीक नळी) घालून वाट मोकळी झाल्यावरही पुढचे एक-दोन दिवस शरीर प्रमाणाबाहेर लघवी टाकत राहते, आणि तेवढ्या काळात सलाईनचे प्रमाण व रक्तातले क्षार पुन्हा पुन्हा पाहावे लागतात. त्यामुळे लघवी झाली म्हणून लगेच घरी नेण्याची घाई करू नये.