रिक्रूटरच्या वहीतली तीन वाक्यं

रविवार, १२ जुलै. कोल्हापूर

उद्या संध्याकाळी साडेसातला मुंबईहून फोन. प्रायव्हेट इक्विटी फंडांसाठी, म्हणजे कंपन्यांत हिस्सा घेऊन काही वर्षांनी तो विकणाऱ्या फंडांसाठी, माणसं शोधणाऱ्या रिक्रूटरबाईंचा पहिला, ओळख करून घेण्याचा कॉल. वीस-पंचवीस मिनिटं चालेल. सकाळपासून पाऊस थांबलेला नाही, त्यामुळे तयारीला अख्खा दिवस मिळाला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. ही परीक्षा नव्हे. रिक्रूटरची फी फंड देतो, उमेदवार नाही. (नोंदणीचे पैसे मागणारा रिक्रूटर नव्हेच, तिथेच फोन ठेवावा.) फोन ठेवल्यावर त्या बाईंना फंडातल्या कुणाला तरी आपल्याबद्दल दोन मिनिटांत सांगायचंय. तेव्हा त्यांच्या वहीत कोणती तीन वाक्यं उतरतील, हे ठरवणं म्हणजेच तयारी. आपण ती दिली नाहीत, तर त्या स्वतः बनवतील, आणि ती बहुधा अशी असतील: ‘सीए आहे, बरा वाटला, नक्की काय हवंय ते कळलं नाही.’ असा बायोडाटा पुढे जात नाही.

चांगली नोंद कशी दिसते? ‘सीए, चार वर्षं पुण्यात ट्रान्झॅक्शनच्या कामात. सात ड्यू डिलिजन्स, त्यातल्या तीन वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांच्या. मिड-मार्केट ग्रोथ फंड हवा, नोटीस ६० दिवस, मुंबईला यायची तयारी.’ (ट्रान्झॅक्शन म्हणजे कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं काम, ड्यू डिलिजन्स म्हणजे पैसे लावण्याआधीची कंपनीची तपासणी, मिड-मार्केट ग्रोथ फंड म्हणजे मध्यम आकाराच्या, वाढत्या कंपन्यांत पैसे लावणारा.) या नोंदीत एकही विशेषण नाही. ‘मेहनती’, ‘टीम प्लेअर’ हे शब्द कुणी टिपून घेत नाही.

‘स्वतःबद्दल सांगा’ याला दीड मिनिट. इंग्रजीत बोलताना दीड मिनिटात साधारण २०० शब्द मावतात, त्यामुळे लिहूनच बघावं. ४०० झाले की वेग वाढतो, श्वास तुटतो आणि इंग्रजी अडखळायला लागतं. आपल्याकडच्या मुलांना वाटतं इंग्रजी कच्चं आहे. बहुतेक वेळा इंग्रजी ठीक असतं, मजकूर दुप्पट झालेला असतो. फोनवर रेकॉर्ड करून तीनदा ऐकायचं. पाठ करायचं नाही, फक्त क्रम लक्षात ठेवायचा: शिक्षण एका वाक्यात, प्रत्येक नोकरी दोन वाक्यांत, शेवटी ‘म्हणून आता हे हवंय’.

डीलबद्दल बोलताना मोठी चूक होते ती नावं फोडण्याची. चालू व्यवहारातल्या कंपनीचं नाव घेतलं की रिक्रूटर ओळखते, हा माणूस उद्या आमच्या फंडाचंही बाहेर बोलेल. ‘पश्चिम महाराष्ट्रातली कास्टिंग कंपनी, दोनशे कोटींची विक्री’ एवढं पुरतं. त्यापुढे मात्र नेमकं हवं: मॉडेल (कंपनीच्या पुढच्या आकड्यांचं गणित) कुणी बांधलं, एबिटात (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्यात) कोणत्या दुरुस्त्या सुचवल्या, मालकाच्या घरचा खर्च कंपनीत किती होता, शेवटी किंमत बदलली का. ‘आम्ही केलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच, ‘त्यात तुम्ही काय केलं?’

दुपार.

‘तुम्ही कोणत्या कंपनीत पैसे लावाल?’ हा प्रश्न पहिल्या कॉलवर येईलच असं नाही, पण आला तर लोक वर्तमानपत्रातल्या स्टार्टअपचं नाव घेतात आणि तिसऱ्या वाक्याला अडकतात. कोल्हापूरच्या माणसानं असं का करावं? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे फाउंड्र्या, म्हणजे लोखंड ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणारे कारखाने. त्यातलीच एक काल्पनिक फाउंड्री घेऊन मांडलेलं गणित कुठल्याही पाठ उत्तरापेक्षा वजनदार ठरतं.

विक्री २०० कोटी, एबिटा १२ टक्के, म्हणजे २४ कोटी. एबिटाच्या आठ पटीनं घेतली तर १९२ कोटी. त्यात कर्ज एबिटाच्या दुप्पट, ४८ कोटी, उरलेले १४४ कोटी फंडाचे. कर्ज फंडाच्या नव्हे, कंपनीच्या डोक्यावर असतं, हे बोलताना घसरायचं नाही. पाच वर्षांत एबिटा ४० कोटींवर गेला, कर्ज फिटलं आणि आठ पटीनंच विकली, तर ३२० कोटी येतात. १४४ चे ३२०, म्हणजे २.२ पट, आयआरआर (दरसाल परताव्याचा दर) साधारण १७ टक्के. नफा १७६ कोटींचा, त्यातले १२८ एबिटा वाढल्याचे, ४८ कर्ज फेडल्याचे. भाव आठऐवजी सात पट मिळाला तर आयआरआर थेट १४ वर. सोबत दोन आकडे तोंडपाठ हवेत: पाच वर्षांत दुप्पट म्हणजे १५ टक्के, तिप्पट म्हणजे जवळजवळ २५.

इथपर्यंत बरेच जण येतात. फाउंड्री माहीत असलेला माणूस वेगळा दिसतो तो पुढे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळायला साधारण ६०० युनिट वीज लागते. ओतलेल्यातला रनर-रायझरचा (साच्याच्या वाटांत आणि भरणीत उरलेला) भाग परत भट्टीत जातो. हाती साठ टक्के माल येतो असं धरलं, तर विकलेल्या टनामागे १,००० युनिट झाले. म्हणजे वीज युनिटमागे एक रुपयानं महागली की किलोमागे एक रुपया गेला. कास्टिंगचा सरासरी भाव १०० रुपये किलो धरला, तर २०० कोटींची विक्री म्हणजे २०,००० टन, आणि तो एक रुपया म्हणजे वर्षाला दोन कोटी. एबिटा २४ चा २२. आठ पटीनं मोजलं तर कंपनीची किंमत १६ कोटींनी खाली. कच्च्या मालाचा फरक गाडी बनवणारा ग्राहक सहसा ठरावीक काळानं भरून देतो, विजेचा फरक मात्र भांडून घ्यावा लागतो. म्हणून ड्यू डिलिजन्सचा पहिला प्रश्न असा पडतो: वीजदरवाढ करारात आहे की नाही?

दुसरा प्रश्न उधारीचा. ९० दिवसांची उधारी म्हणजे २०० कोटींच्या विक्रीवर ४९ कोटी बाहेर अडकलेले. विक्री २० कोटींनी वाढली की आणखी पाच कोटी अडकतात. कर्ज फेडण्याचं वेळापत्रक बिघडतं ते इथेच. भट्टीचा आवाज ऐकत वाढलेल्या मुलाला हे सांगायला पुस्तक लागू नये.

एक गोष्ट मात्र जोडायला हवी. आपल्याकडचे कारखाने घरचे आहेत, ५१ टक्के कुणी सहज देत नाही. भारतात अनेक फंड त्यामुळे अल्प हिस्साच घेतात. अशा व्यवहारात कर्जाच्या गणितापेक्षा संचालक मंडळावरची जागा, कोणत्या निर्णयांना फंडाची संमती लागेल आणि बाहेर पडायचं कसं, हे महत्त्वाचं. ‘बायआउट करायचंय’ (म्हणजे कंपनीचा ताबाच घ्यायचाय) असं अल्प हिस्सा घेणाऱ्या फंडाच्या रिक्रूटरला सांगणं म्हणजे चुकीच्या गाडीत चढणं.

रात्री साडेनऊ.

पगाराचा कागद तयार केला. सीटीसीचा (कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाचा) एकच आकडा फेकायचा नाही. निश्चित पगार वेगळा, बोनस वेगळा, आणि बोनसमध्येही कागदावरचा नव्हे, गेल्या वर्षी प्रत्यक्ष हातात आलेला. पीएफमधला कंपनीचा वाटा आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत धरलेली असते, तेही माहीत असावं. फुगवलेला आकडा पुढे सॅलरी स्लिप मागितल्यावर उघडा पडतो, आणि तोवर फंडाची सही होत आलेली असते. नोटीस किती, पैसे भरून ती कमी करता येते का, जॉइनिंग बोनस परत करायची अट आहे का, हे करारपत्र उघडून बघितलेलं बरं. अंदाजानं बोलू नये.

बायोडाटा आधी कुठे कुठे गेलाय त्याची यादीही हवी. फंडाचं नाव, कुणामार्फत, तारीख. दोन रिक्रूटरांकडून एकाच फंडाकडे एकच बायोडाटा पोचला की फी कुणाची हा वाद उभा राहतो, आणि फंडाला सोपा मार्ग दिसतो तो उमेदवारच वगळण्याचा. म्हणून फोनवर स्पष्ट सांगायचं: ‘मला विचारल्याशिवाय कुठे पाठवू नका.’ यात उद्धटपणा नाही. चांगल्या रिक्रूटरला हे आवडतंच.

आपण विचारायचे प्रश्न तीनच ठेवले. जागा नवी आहे की कुणी सोडून गेलं? पुढच्या फेरीत मॉडेलची परीक्षा आहे का, किती तासांची? आणि सर्वांत उपयोगी: सध्याच्या फंडातले किती पैसे गुंतवून झालेत? फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, खरेदी मुख्यतः पहिल्या चार-पाच वर्षांत होते. पैसे संपत आलेल्या आणि पुढचा फंड न उभारलेल्या ठिकाणी गेलं, तर नवे व्यवहार शिकायला मिळत नाहीत, जुन्या कंपन्यांचे मासिक आकडे गोळा करत बसावं लागतं.

आभाराच्या मेलचा मसुदा करून ठेवला. चार ओळी, एक पानी बायोडाटा पीडीएफमध्ये, सोबत व्यवहारांचा तक्ता: क्षेत्र, आकार, आपलं काम, निकाल. कंपन्यांची नावं काढलेली. कॉल झाला की त्याच रात्री जाईल. उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण.

बाहेरच्या खोलीवर पत्रा आहे. पावसात तिथून बोललेलं पलीकडे ऐकू जाणार नाही. फोन आतल्या खोलीत घ्यायचा, खिडकी लावून, चार्जर जोडून, आणि समोर तीन वाक्यांचा कागद.