नव्वद अधिक नऊ

रिओमध्ये रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा मुंबईत दुसऱ्या दिवशीचे सहा वाजलेले असतात. माझी नोकरी या साडेआठ तासांच्या अंतरावर चालते. फुटबॉलच्या सामन्यांची नोंद करणं हे आमचं काम. प्रत्येक पास, प्रत्येक टॅकल, प्रत्येक थ्रो-इन. एकाने पडद्याकडे बघत बोलायचं, दुसऱ्याने टिपायचं. मी बोलते. टिपणारा साताऱ्याकडचा मुलगा आहे, मला ताई म्हणतो.

2023 चा ब्राझीलच्या लीगचा हंगाम आम्ही दोघांनी जवळजवळ बोताफोगो या रिओच्या क्लबबरोबरच काढला. वीस संघ, अडतीस फेऱ्या, आणि पहिल्या एकोणीस सामन्यांत बोताफोगोचे 47 गुण! पंधरा विजय. एकदा तर मागच्या संघापासून तेरा गुणांचं अंतर होतं. 1995 नंतर त्यांना लीग जिंकता आली नव्हती. ‘काही गोष्टी फक्त बोताफोगोच्याच बाबतीत घडतात’ असं तिथे म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. जुलैच्या तोंडावर प्रशिक्षक लुईस कास्त्रो सौदीतल्या अल नासरकडे निघून गेले, तरी संघ जिंकतच राहिला. पुढे प्रशिक्षक बदलत गेले आणि सप्टेंबरात गुण गळायला लागले. काम म्हणून बघणाऱ्याने कुणाची बाजू घेऊ नये हे मला मान्य आहे. पण चार-पाच महिने एखाद्या संघाचा प्रत्येक पास तोंडाने उच्चारला की तो संघ आपला होतोच.

2 नोव्हेंबरला सकाळी आम्ही बोताफोगो–पाल्मेइरास लावला. पहिला विरुद्ध पाठलाग करणारा. मध्ये सहा गुण. बोताफोगो जिंकलं तर नऊ. निल्टन सांतोस स्टेडियम भरलेलं. एदुआर्दो, चे चे, जुनियर सांतोस – मध्यंतरालाच 3-0. जोडीदार चहा आणायला उठला तो जवळजवळ नाचतच. ‘‘ताई, झालं हो! लीग झाली!’’ मीही नाही म्हटलं नाही.

उत्तरार्ध सुरू होताच पाल्मेइरासच्या एन्द्रिकने एक परत केला. सतरा वर्षांचा मुलगा तो. चेंडू घेतला की समोर कोण आहे हे बघतच नव्हता. मग 76व्या मिनिटाच्या सुमारास बोताफोगोच्या आद्रिएल्सनला लाल कार्ड. त्या कार्डावरून क्लबचे मालक जॉन टेक्स्टर सामन्यानंतर जाहीरपणे भडकले, ते प्रकरण बरेच दिवस चाललं. माझ्या मते सामना तिथे गेला नाही. कारण त्यानंतर, दहाच माणसं उरलेली असताना, बोताफोगोलाच पेनल्टी मिळाली. 3-1 वर. घेणारा तिकिन्यो सोआरेस, नऊ नंबरची जर्सी, त्या हंगामात त्यांच्यासाठी सगळ्यात जास्त गोल करणारा. गोल झाला असता तर 4-1.

‘‘पेनल्टी, नऊ,’’ मी म्हटलं. नंतर ‘अडवली’ हा शब्द माझ्या तोंडून निघायला वेळ लागला. पाल्मेइरासचा गोलकीपर वेवर्टनने चेंडू अडवला होता. नोंदीत तो क्षण उशिरा पडला, मागे जाऊन दुरुस्त करावा लागला, आणि आम्ही ती दुरुस्ती संपवतो न संपवतो तोच एन्द्रिकचा दुसरा गोल. 3-2. पुढे माझ्या तोंडी एकच शब्द उरला : क्लिअरन्स. क्लिअरन्स, क्लिअरन्स, परत क्लिअरन्स. चेंडू मिळाला की लांब फेकायचा, पुढे तो घ्यायला कुणी नाही, तो परत यायचा. असं घाबरणं प्रेक्षकाला पुसट दिसतं, पण बोलताना लख्ख कळतं. फ्लाको लोपेसने बरोबरी केली. भरपाई वेळेच्या नवव्या मिनिटाला मुरिलोने चौथा मारला.

जोडीदाराचे हात थांबले. ‘‘टिप,’’ मी म्हटलं. त्याने टिपलं : 90+9, गोल, पाल्मेइरास. अंतर उरलं तीन गुणांचं.

आठ वाजून गेले होते. घरी जाताना लोकलमध्ये निळ्या जर्सीतली पोरं वानखेडेच्या दिशेनं निघालेली, त्या दुपारी भारत–श्रीलंका होता. संध्याकाळी श्रीलंका 55 धावांत गारद झाली आणि आमच्या इमारतीत फटाके वाजले. मी तेव्हा पडून होते, डोळ्यांपुढे वेवर्टनचा हात.

बोताफोगो शेवटचे अकरा सामने जिंकलं नाही. 64 गुणांवर पाचवं आलं. 70 गुणांनी पाल्मेइरास विजेता. पण हे डिसेंबरचं. त्याआधी, पुढच्याच आठवड्यात, ग्रेमिओविरुद्धचा सामना जोडीदाराने स्वतःहून मागून घेतला. बोताफोगो 3-1 ने पुढे होतं. मग ग्रेमिओच्या सुआरेसचा एक, सुआरेसचा दुसरा. तिसऱ्या वेळी मी तोंड उघडायच्या आत त्याने कळ दाबली होती.