वेताळ वर्गात का येत नाही

"सर, घरी कपाटभर कॉमिक्स, सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात तिकीट, मग वर्गात त्यातला एक शब्द कसा निघत नाही तुमच्या तोंडून?" भाचीनं विचारून झालंय, सोबत शिकवणाऱ्यांनी विचारून झालंय, आणि जुनी पोरं तर भेटली की हेच. २०१९ ला 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' लागला २६ एप्रिलला आणि मेडिकल प्रवेशाची 'नीट' परीक्षा होती ५ मेला. लातूरच्या थेटरात फिजिक्सचे सर पॉपकॉर्नचा पुडा घेऊन बसलेत, हे दोन पोरांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या ट्यूशन एरियात बोभाटा. नीट आठवड्यावर आलेली असताना ती दोघं तिथं काय करत होती, हे मात्र कुणाला सुचलं नाही.

मी आजवर "पोर्शन संपत नाही, वेळ कुठाय" म्हणून सुटत आलोय. ते खोटं नाही. पण तेवढंच खरंही नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सांगून टाकतो.

वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, माझ्या आयुष्यात आला तो इंद्रजाल कॉमिक्समधून, मराठीतून. आजीला वाटायचं गावाबाहेरच्या दगडाचाच वेताळ. ती पुस्तक देवघराच्या खोलीत येऊ द्यायची नाही. १९९० ला इंद्रजाल बंद पडलं तोवर मी राज कॉमिक्सकडं वळलो होतो. हिंदी तिथंच शिकलो. नागराजापेक्षा मला सुपर कमांडो ध्रुव जवळचा. त्याच्याकडं शक्ती काहीच नाही, सर्कशीत वाढलेलं पोरगं, नुसत्या अकलेवर आणि विज्ञानावर लढतं. मी फिजिक्सला गेलो त्यात त्याचा वाटा आहे. हे मी कुठल्याच पालक मेळाव्यात सांगितलेलं नाही.

आता स्पायडरमॅन. १९७३ च्या अंकात त्याच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली ढकलतात, हा वरून जाळं सोडतो, ते तिला पकडतं, आणि ती मरते. पडून नाही, तर एकदम थांबल्यामुळं. चित्रात तिच्या मानेजवळ एक बारीकसा आवाज छापलाय, बस. २०१४ च्या सिनेमात पुलाच्या जागी घड्याळाचा मनोरा आहे आणि भरपूर स्लो मोशन. मला तो छापलेला बारीक आवाजच जास्त लागतो. इम्पल्स, म्हणजे बल गुणिले वेळ, शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. ऐंशी मीटर पडल्यावर वेग सेकंदाला चाळीस मीटर. पन्नास किलोची मुलगी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवली तर सरासरी वीस हजार न्यूटन, म्हणजे तिच्या वजनाच्या चाळीसपट. तेच पूर्ण सेकंदात थांबवली तर चारपट, कदाचित वाचली असती. मी मात्र वर्गात क्रिकेटचा कॅच सांगतो. हात मागं घ्या, वेळ वाढवा. सगळे सांगतात तेच.

२०१६ ची गोष्ट. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिली गाडी दहा वाघिणींची, नंतर पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख लिटर. दिवाळीनंतर मागच्या बाकावरचा एक पोरगा शिकवताना रफ वहीत काहीतरी गिरवत होता. केज तालुक्यातला, कॉटबेसिसवर राहायचा. मी वही ओढून घेतली. मागच्या पानांवर त्यानं कॉमिक काढलं होतं, चौकटी पट्टीनं आखून. पाण्याच्या गाडीचे ब्रेक गेलेत, समोर लातूर स्टेशन, आणि धोतर नेसलेला एक माणूस इंजिनाला खांदा लावून उभा.

मी ते वर्गाला वाचून दाखवलं. आवाज काढून. पुढच्या चौकटींत तो माणूस गाडी रेटत रेटत मागं पळत होता. मी म्हणालो, "अरे, हा गाडी थांबवायलाय का गाडीच्या भीतीनं पळायलाय?" दीडशे पोरं हसली. मला ते हसणं आवडलं. हे लिहायचं नव्हतं, पण आवडलं. पोरगं बाकाकडं बघत राहिलं. मग मी ऑफिसातून त्याच्या घरी फोन लावायला सांगितलं.

वडील यायला दोन दिवस लागले, तोवर वही माझ्या घरी. पहिल्याच रात्री मी ती नीट पाहिली. पळणाऱ्या माणसाच्या चौकटीबाहेर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'डेल्टा टी वाढव.' म्हणजे थांबवायचा वेळ वाढव. खाली हिशोब. पाणीच अडीच हजार टन, वेग सेकंदाला दहा मीटर. शंभर सेकंदांत थांबवायची तर अर्धा किलोमीटर मागं जावं लागतं. तो माणूस पळत नव्हता. तो कॅच घेताना हात मागं घेत होता. मी दीडशे पोरांना शिकवलेलं एकाला कळलं होतं, आणि त्याच पानावरून मी सगळ्या वर्गाला त्याच्यावर हसवलं होतं.

वडील आले ते नोटाबंदीतले दिवस. बँकेच्या रांगेतला नंबर सोडून आलो म्हणाले. वही हातात घेतली, दोन पानं उलटली आणि विचारलं, "सर, मला काय त्यातलं कळत नाही. पण चित्रं चांगली हायेत का?"

मी म्हणालो, "हे वय चित्रं काढायचं नाही."

त्यांनी मान हलवली, वही पिशवीत घातली. पोराला माझ्यासमोर एक शब्द बोलले नाहीत. पोरानं वर्ष पूर्ण केलं, पण माझ्या तासाला पुन्हा रफ वही काढली नाही. पुढं त्याला काय मिळालं ते मी मुद्दाम शोधलेलं नाही.

२०१६ मधला मी अजून भांडतो. म्हणतो, बापानं सोयाबीन विकून फी भरली होती, कशासाठी? एकाला सूट दिली की दीडशे वह्या चित्रांनी भरतात. तुला स्वतःला नोकरी लागल्यावर घरी कपाट भरायला मिळालं, आधी नाही. यातलं मला काहीच खोडता येत नाही. मी त्याला एवढंच विचारतो, की "चांगली आहेत" म्हणायला किती सेकंद लागले असते. त्यावर तो म्हणतो, मग बाप त्याला घेऊन गेला असता. असेलही.

आणि आता मीच उठून फळ्यावर ग्वेनचं नाव लिहायचं? त्या दीडशेतलं कुणीतरी कुठंतरी म्हणेलच, सरांना चालतं वाटतं.

गेल्या वर्षी लिहायला घेतलं होतं. फळ्यावर 'उंची ८० मीटर' लिहिलं, मग हात थांबला, आणि मुलीच्या जागी क्रिकेटचा चेंडू काढला. मागून एक पोरगी म्हणाली, "सर, ऐंशी मीटरवरून चेंडू टाकायलंय कोण?"